हेस्टरबाईंचं ताट

अमेरिकेहून परत आल्यावर नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. न्यूयॉर्कची ती मशालवाली बाईही पाहिली नाही. लेकीकडे राहून मी पाहिलं ते जॉर्जिया राज्यातलं एक रान, त्या रानातली एक जुनी दफनभूमी आणि माझ्या विहीणबाईंचा रुसवा. यातलं काहीच कुठल्या टूरमध्ये येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माणसं सांगते. माझी मुलगी प्रज्ञा अल्फारेटाला राहते. अटलांटा शहराला चिकटलेलं हे गाव. सकाळी फिरायला निघालं की दोन-चार तेलुगू आजोबा आणि एखादी मराठी काकू भेटल्याशिवाय बागेची फेरी पुरी होत नाही. प्रज्ञाचा नवरा मार्कस. काळा अमेरिकन, उंच, हसरा, आणि माझ्या हातच्या झुणक्याचा... इथे जो शब्द सवयीने ओठावर येतो तो या प्रवासानंतर मी थट्टेत वापरणं सोडलं आहे. झुणका त्याला फार आवडतो, एवढंच म्हणते. मी स्वतः शाळेतली निवृत्त पी.टी. टीचर. शिट्टी अजून पर्समध्ये असते.

आणि मार्कसची आई डोलोरेस, म्हणजे माझ्या विहीणबाई. पोस्टातून निवृत्त झालेल्या. मला "मिस सुनंदा" म्हणतात. आपल्याकडे वरमाय म्हटली की तिच्या रुसण्याला कारण लागत नाही, मुहूर्त लागतो. आम्ही बौद्ध, लग्न विहारात साधेपणाने केलं, मानपानाला आमच्यात थारा नाही. तरी मुलीची आई म्हणून मी मनातून तयारीत होते. डोलोरेसबाई लग्नात नाचल्या, सगळ्यांच्या गळ्यात पडल्या, शेवटी पदर खोचून... म्हणजे बाह्या सरसावून भांडी घासायला उभ्या राहिल्या. एवढा मोठा हक्क त्या बाईने फुकट घालवला याची मला चुटपुट लागून राहिली होती.

या खेपेला मी त्यांच्यासाठी नागपूरच्या इतवारी बाजारातून स्टीलचा मोठा डबा नेला होता. रीतसर नाव घालून: 'डोलोरेस यांना सुनंदाकडून प्रेमाने'. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "भांड्यावर नाव कशाला?"

"म्हणजे भांडं कोणाचं आणि कोणी दिलं, ते कायम राहतं."

त्यांनी डबा हलकेच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ये, तुला एक दगड दाखवते."

दगड गॅरेजमध्ये होता, वॉशिंग मशीनच्या शेजारी. त्यावर साबणाच्या पावडरचा खोका ठेवलेला. खोका उचलला तर खाली छान घडवलेला ग्रॅनाइट आणि त्यावर कोरलेलं एकच नाव, 'हेस्टर'.

हेस्टर म्हणजे विहीणबाईंच्या आजीची आजी. गुलामगिरीत जन्मली आणि सुटका झाल्यावर बरीच वर्षं जगली. विहीणबाईंच्या आईची शेवटची इच्छा एकच होती, हेस्टरच्या कबरीवर नाव लागावं. दगड तयार झाला, पण कबर सापडेना. दफनभूमी कुठल्या रानात आहे तेवढं कळलं होतं, पण तिथल्या एकाही कबरीवर नाव नाही. गुलामांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या कबरींना कोण नावं कोरणार? रानाच्या मालकाने येत्या थंडीत झाडं तोडायचं ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, कुठे कोण आहे ते दाखवा, तेवढा तुकडा सोडून मशीन चालवतो. नुसतं "इथेच कुठेतरी" यावर मात्र मशीन थांबायची नव्हती.

"या वेळी नाही सापडली," विहीणबाई खोका परत दगडावर ठेवत म्हणाल्या, "तर मी आईला काय सांगू?"

त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तरी प्रश्न खराच होता.

शेंगांचा रस्ता

निघताना मार्कसने दगड उचलून डिकीत ठेवला आणि गाडीने नाक वर केलं. दगडाशेजारी माझा चिवडा त्या नाव घातलेल्या डब्यात, एक दाताळं, दोन फावडी आणि काळ्या पिशव्यांचा गठ्ठा. मार्कस आणि प्रज्ञा रविवारी मागून येणार होते. प्रज्ञाने मला बाजूला घेऊन बजावलं, "आई, प्लीज, तिथे लोकांना गाव-आडनाव विचारत बसू नकोस. आणि काही ऑर्गनाइज करू नकोस. यू आर नॉट इन स्कूल."

"मी काय ऑर्गनाइज करणार आहे रानात?" मी म्हटलं.

दक्षिणेकडे जाताना माती लाल होत जाते आणि माणसं हळू बोलायला लागतात. एका वळणावर पाटी दिसली, उकडलेल्या शेंगा! मी ओरडले. विहीणबाईंनी गाडी अशी थांबवली की डिकीतला दगड हलल्याचा आवाज आला. एक बाई मोठ्या पातेल्यातून खारट पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा कागदी पिशवीत भरून देत होती. आपल्याकडे उकडतात त्याच, फक्त मीठ सढळ हाताने. अमेरिकेत उकडलेली शेंग मिळेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघींनी गाडीला टेकून, टरफलं चोखत पिशवी संपवली आणि दुसरी घेतली. त्या शेंगेनंतर आम्ही खऱ्या अर्थाने नातेवाईक झालो.

मग बोलणं निघालं. गुलामगिरी संपायच्या आधीच्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहीत नसत. वय, बाई की पुरुष आणि रंग, झालं. हेस्टरचं नाव विहीणबाईंना सापडलं ते एका मालकाच्या मृत्युपत्रात. वर एक खेचर, खाली एक भिंतीवरचं घड्याळ आणि मध्ये 'हेस्टर, पोरगी'.

"पोरगी! तेव्हा तिला दोन मुलं होती," विहीणबाई म्हणाल्या.

मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. गावच्या कागदांत त्यांचं नाव 'सोन्या' असं आहे. घरी ते सोनबा होते, पण नातवंडं झाली तरी कागदात सोन्याच. नाव पुरतं लिहायला शाई लागते ना!

विहीणबाई हसल्या. पण मला वाटतं दोघींनाही सारखाच राग आला होता.

मुक्काम आँट पर्लकडे. गावाचं नाव सांगत नाही. हौशी लोक येऊन जुन्या जागा खणतात म्हणून विहीणबाईंनी मनाई केली आहे. आँट पर्ल विहीणबाईंच्या मावशी. नव्वदीच्या पुढच्या, एवढ्याशा, आणि ताठ. त्यांनी मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी केली होती. मी ताटातली संपवून दुसऱ्याच्या ताटाकडे बघायला लागले. सकाळी मक्याच्या कण्या, वर लोण्याचा गोळा. आमच्या आजीच्या ज्वारीच्या कण्या अशाच असत, लोणी सोडून. चहा मात्र बर्फ घातलेला आणि पाकासारखा गोड. त्याबद्दल मी या लोकांना कधीही माफ करणार नाही.

आँट पर्ल लहानपणी त्या दफनभूमीत गेल्या होत्या. पण विहीणबाईंनी फोनवर कितीदा विचारलं तरी उत्तर एकच, "झाडं मोठी झाली गं, जागा कशी सांगू?"

रान

शनिवारी आम्ही दोघी जागा बघायला गेलो. फाटकाच्या आत थोडं चाललं की एक जुनं सीडरचं झाड लागतं आणि तिथून पुढे जमीन ठिकठिकाणी खचलेली. प्रत्येक खळगा म्हणजे एक माणूस, विहीणबाईंनी सांगितलं. मग रानाच्या मालकाला भेटून मशीन कधी येणार ते विचारायला त्या गेल्या. मला म्हणाल्या, "तू इथे शांत बस, मिस सुनंदा. मी आलेच."

आता माझी बाजू ऐका. आम्ही वस्तीतलं विहार दर रविवारी झाडतो. शाळेत श्रमदानाचा तास माझाच. विहीणबाईंच्या पूर्वजांची जागा, आणि तिथे बघावं तर काय! पालापाचोळ्यात फुटके कप, कान तुटलेला जग, औषधाच्या निळ्या बाटल्या, दिव्याची काच, शिंपले, गंजलेला चमचा. लोक पिकनिक करून कचरा टाकून गेलेत, दुसरं काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना जिवंतपणी कोणी माणसात धरलं नाही, त्यांच्या डोक्यावर ही घाण!

मी विहारात काढावेत तसे बूट-मोजे काढून सीडरखाली ठेवले, काळी पिशवी घेतली आणि सुरुवात केली. माझं काम शिस्तीत असतं. सीडरपासून सरळ रांग, रांग संपली की वळून दुसरी, मध्ये काही सोडायचं नाही. पिशवी छान भरत आली. एका खळग्यात चिनीमातीचं एक ताट पालथं रुतून बसलेलं. निळी किनार, मधोमध भोक. दोन्ही हातांनी ते उपटलं, पिशवीत टाकलं, आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या पायाला कोणीतरी काडी लावली.

लाल मुंग्या. आपल्याकडच्या मुंग्या यांच्यापुढे सज्जन म्हणायच्या. ताटाशेजारीच त्यांचं वारूळ होतं आणि माझा अनवाणी पाय बरोबर त्यावर. कवायतीत जे प्रकार मी कधी शिकवले नव्हते ते सगळे त्या रानात एकटीने केले. श्रमदान तिथेच संपलं.

विहीणबाई परत आल्या तेव्हा मी पाय चोळत बसले होते, तरी अभिमानाने पिशवी दाखवली. "बघा, किती कचरा काढला!"

त्यांनी पिशवीत पाहिलं. मग जमिनीकडे. मग माझ्याकडे. 

"काय झालं?"

"तो कचरा नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दगड घ्यायची ऐपत नव्हती ना. माणसाने शेवटी जे वापरलं ते त्याच्या कबरीवर ठेवायचे. मुद्दाम फोडून. म्हणजे मरणाची साखळी तुटते, घरातलं दुसरं कोणी मागे जात नाही."

आपल्याकडे मडकं फोडतात ते मला आठवलं, आणि बसल्या जागी जमीन दुभंगावी असं झालं. ज्यांना दगड नव्हते त्यांची तीच नावं होती, आणि ती सगळी मी एका काळ्या पिशवीत भरून वर गाठ मारली होती.

आम्ही गाडीत बसलो. मी शेंगांची पिशवी पुढे केली, त्यांनी ती न बघता मागच्या सीटवर ठेवली. लग्नात राहून गेलेला रुसवा अखेर झाला, आणि तोही अशा वेळी की समजूत काढायला माझ्याकडे साडीही नव्हती आणि तोंडही नव्हतं.

आँट पर्लची ओसरी

आँट पर्ल ओसरीवर झुलत्या खुर्चीत होत्या. विहीणबाईंनी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मी खाली मान घालून उभी. म्हातारीने आधी माझा सुजलेला पाय पाहिला, मग पिशवी उघडली. ताट सगळ्यात वर होतं. ते त्यांनी मांडीवर घेतलं, निळ्या किनारीवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला वाटलं आता यांचंही काही होतं की काय.

"मुंग्या कशाच्या! ही हेस्टर चावली तुला. तिच्या ताटाला हात लावलेला तिला खपायचा नाही."

विहीणबाई पुढे झाल्या. "आँटी, हे हेस्टरचं ताट? मग मला एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू विचारत होतीस जागा. ती काय खात होती, कशात खात होती, हे कधी विचारलंस?"

मग त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. मळ्यावर गुलामांच्या पोरांना जेवण ताटात देत नसत. लाकडी डोणीत ओतायचे, डुकरांना ओततात तसं, आणि पोरं शिंपल्यांनी, हातांनी ओरपायची. हेस्टर तशी जेवून मोठी झाली. सुटका झाल्यावर पहिली मजुरी हातात आली तेव्हा तिने ना कापड घेतलं ना चप्पल. हे ताट घेतलं. मरेपर्यंत त्यातच जेवली आणि दुसऱ्या कोणाला त्यात वाढू दिलं नाही.

माझ्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीवर कपबशी टांगलेली असे. चहा पिऊन स्वतःच विसळून परत टांगायची. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी पहिलं काही घेतलं असेल तर ते पितळेचं ताट, त्यावर 'सोनबा' असं पुरतं नाव घालून. मी हे सांगायला गेले, पण मला रडूच फुटलं. आणि मग कोण कोणाची समजूत काढतंय ते काही कळेना.

रडणं आवरल्यावर विहीणबाईंनी आधी नाक पुसलं आणि मग माझ्याकडे रोखून बघितलं. पोस्टात हरवलेल्या पार्सलची चौकशी करतात तसा आवाज लावला. "मिस सुनंदा, नीट आठव. हे ताट तू उचललंस कुठून?"

साऱ्या जगात हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिचा पाय भोपळ्याएवढा झाला होता.

रविवार

चर्चमध्ये दोन तास गाणी झाली. आमच्याकडे विहारात एवढ्या वेळात वंदना होऊन खिचडीही वाटून होते. मग सगळी वरात रानात. मार्कसने आँट पर्लना खुर्चीसकट उचलून सीडरखाली ठेवलं. प्रज्ञाला सगळा प्रकार कळल्यापासून ती माझ्याकडे बघून फक्त, "आई... सीरियसली?" एवढंच म्हणत होती.

मी पर्समधून शिट्टी काढली. माझं काम शिस्तीत असतं, हे सांगितलं आहेच. पिशवी रांगेने भरली होती, म्हणजे वरची वस्तू शेवटच्या जागेची आणि तळातली सीडरजवळची. उलट्या पावलांनी चाललं की झालं. सुरुवात मुंग्यांपासून. तुडवलेलं वारूळ त्यांनी एका दिवसात पुन्हा बांधून ठेवलं होतं, त्यामुळे शोधावं लागलं नाही. त्याच्या शेजारच्या खळग्यात पाचोळा बाजूला केला तर ओल्या मातीत गोल वण. विहीणबाई ताट लावायला वाकल्या.

"थांब," आँट पर्ल खुर्चीतून म्हणाल्या. "जिने उचललं तिनेच ठेवायचं."

मी ठेवलं. पातेल्यावर झाकणी बसावी तसं बसलं.

 विहीणबाईंनी जमिनीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. मार्कसने डिकीतून दगड आणला, प्रज्ञाने आणि त्याने माती काढून तो बसवला, आणि साबणाच्या पावडरीखाली इतकी वर्षं पडलेलं नाव उन्हात आलं. मग आम्ही बाकीची पिशवी उलट्या क्रमाने रिकामी केली. जग जगाच्या जागी, चमचा चमच्याच्या. मी शिट्टी वाजवायची, प्रज्ञा ठेवायची. शेवटी रानाच्या मालकाने येऊन सगळा तुकडा डोळ्याखालून घातला आणि मशीनने इथवरच यायचं, या खुणेसाठी कडेच्या झाडांना स्वतः पिवळ्या फिती बांधल्या.

निघताना आँट पर्लनी मला हाक मारली. "तू तिला हात लावलास, तिने तुला चावलं, पण ओळख कुठे झाली? सांग तिला तू कोण ते."

मी हात जोडले, या वेळी पायात बूट होते. आपल्याकडे ओळख सांगतात तशी मराठीतच सांगितली. "हेस्टरबाई, मी सुनंदा. गाव भंडाऱ्याजवळ. आई यशोदा. आजी भागीरथी. पणजी..."

पणजीचं नाव मला माहीत नव्हतं.

विहीणबाई वाट बघत होत्या. खेचर आणि घड्याळाच्या मधून ज्यांनी आपली पणजीच्या पलीकडची बाई शोधून काढली, त्यांच्यासमोर मी उभी होते आणि पुढे काही नव्हतं. त्यांनी मागच्या सीटवरची शेंगांची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. रुसवा संपला होता.

नागपूरला पोचले आणि बॅग न उघडता भंडाऱ्याच्या मावशीला फोन लावला. तिला आता ऐकू कमी येतं. "मावशी, तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

"कावून वं? जमिनीबिमिनीचं काही निघालं का?"

"नाही गं. नुसतं सांग."

"राही. पन आमी तिले बुढीच म्हनो."

लगेच विहीणबाईंना कळवलं. त्यांनी एकच विचारलं, "ती कशात जेवत असे?" पुन्हा मावशीला फोन.

"ताट कुठचं वं तिले? तळहातावर भाकर घे अन् खाये."

दुसऱ्या दिवशी इतवारीत गेले. चांगलं जाड पितळेचं ताट निवडलं आणि नाव घालायला दिलं. दुकानदाराने मशीन सुरू करून विचारलं, "बोला ताई, काय टाकू?"

"राहीबाईंना."

"आणि कोणाकडून?"

"लिहा," मी म्हटलं, "हेस्टरबाईंकडून."